गर्भवतीचा आहार आणि नियंत्रित चाचणी : मुंबईतील एका प्रयोगाचे चिकित्सक परीक्षण

गर्भवतीच्या आहाराचा परिणाम चाचणीने सिद्ध करणे हे औषधाचा परिणाम सिद्ध करण्याहून मूलतः वेगळे काम आहे. गोळीची हुबेहूब निष्क्रिय नक्कल करता येते. मेथी-पालकाची करता येत नाही. घरचे जेवण संशोधकाच्या हाती नसते आणि कोणत्याही गटाला अन्नापासून वंचित ठेवणे नीतीला धरून नाही. प्रस्तुत लेखात मुंबईतील मातृपोषण प्रकल्पाच्या आधारे या अडचणींचा विचार केला आहे.

या प्रकल्पाची पार्श्वभूमी पुणे जिल्ह्यातील आहे. तेथील सहा गावांतील गर्भवतींच्या अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी आढळली. हा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु असा आहार ज्या घरास परवडतो तेथे इतर अनुकूलताही असतात. कार्यकारणभाव ठरविण्यासाठी प्रयोगच हवा होता. त्यानुसार २००६ पासून मुंबईतील झोपडपट्ट्यांत ६,५१३ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. एका गटास पालेभाजी, फळे व दूध यांचा, तर दुसऱ्यास बटाटा-कांद्याचा रोजचा अल्पोपाहार गर्भधारणेपूर्वीपासून प्रसूतीपर्यंत देण्यात आला. पहिल्या पदार्थात सूक्ष्म पोषकांबरोबर ऊर्जा व प्रथिनेही अधिक होती. त्यामुळे परिणाम नेमका कशाचा, हे वेगळे काढता येत नाही. अन्न एकेका घटकाने पोटात जात नाही, हे लक्षात घेता हा दोष क्षम्य मानावा.

गळतीचा प्रश्न मात्र क्षम्य नाही. २,२९१ स्त्रियांना गर्भधारणा झाली, १,९६२ एकल जिवंत बाळे जन्मली, आणि मोजमाप झाले केवळ १,३६० बाळांचे. बाळंतपणासाठी माहेरी वा गावी जाण्याची आपली रीत पाहता यात अनपेक्षित काही नाही. पण न मोजलेली ६०२ बाळे मोजलेल्यांसारखीच होती, हे गृहीत धरावे लागते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण वजनवाढ २६ ग्रॅम, म्हणजे संख्याशास्त्रीयदृष्ट्या निरर्थक होती. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने आहार सुरू झालेल्यांत ती ४८ ग्रॅम भरली. पण तिचा विश्वास-अंतराल १ ते ९६ ग्रॅम, म्हणजे शून्यास जवळजवळ टेकलेला. अशा आकड्यावर यशाची घोषणा करणे घाईचे ठरेल.

खरा अस्वस्थ करणारा निष्कर्ष निराळा आहे. तुलनेने भरल्या अंगाच्या मातांच्या बाळांत वाढ ९६ ग्रॅम होती. सर्वांत कृश मातांच्या बाळांत वाढ दिसलीच नाही. ज्यांच्यासाठी पोषण योजना आखल्या जातात, त्याच स्त्रिया येथे रिकाम्या हाती राहिल्या. कदाचित कृश माता मिळालेले पोषण आधी स्वतःच्या देहाच्या झिजेसाठी वापरत असावी. हा माझा तर्क आहे, चाचणीने तो तपासलेला नाही.

जन्मवजन हाच मुख्य मापदंड मानणेही मला अपुरे वाटते. २०१६ मध्ये याच स्त्रियांतील गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण प्रसिद्ध झाले : पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. वजनकाट्यावर न दिसलेला फरक रक्तशर्करेत दिसला. मात्र अठ्ठावीस आठवडे पूर्ण केलेल्यांपैकी निम्म्याच स्त्रिया त्या तपासणीस आल्या होत्या.