वेल्डिंगची मराठी : संज्ञा आणि वाक्य

१

धंदेशिक्षणाच्या मराठी पुस्तकांची समीक्षा आपल्या विद्यापीठांतून सहसा होत नाही. ती ललित वाङ्मय नव्हेत म्हणून वाङ्मयाचा अभ्यासक त्यांच्याकडे पाहत नाही. आणि परिभाषेचा विचार कोशमंडळांकडे सोपविला आहे, अशा समजुतीने भाषाभ्यासकही त्यांच्या वाटेस जात नाही. तथापि आठवी-दहावी होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दाखल होणाऱ्या मुलाच्या आयुष्यात अभ्यास म्हणून वाचलेले शेवटचे मराठी गद्य बहुधा हेच असते.

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर ह्या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. थळचा खतकारखाना, उरणचे तेल व वायू प्रकल्प, १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर, डोलवीचा पोलाद कारखाना ह्या सर्वांस लोखंड कापणारे आणि जोडणारे हात लागतात. अलिबाग, पेण, उरण, मुरूड ह्या भागांतील आगरी-कोळी घरांतील अनेक मुले वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करून अशा कामांवर जातात, किंवा जवळच्या बंदरात मच्छिमार बोटींच्या दुरुस्तीस लागतात. ह्या मुलांच्या हाती पडणारे मराठी कसे आहे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करू. मराठी विश्वकोशाने वेल्डिंगसाठी ‘वितळजोडकाम’ हा शब्द योजिला आहे. शब्द म्हणून तो निर्दोष घडणीचा आहे. संस्कृत धातूकडे धाव न घेता ‘वितळणे’ आणि ‘जोडणे’ ह्या दोन जिवंत मराठी क्रियापदांवर तो उभारलेला आहे, आणि ऐकताक्षणीच त्याचा अर्थ लागतो. परंतु त्याच्या दोन मर्यादा ध्यानी घेतल्या पाहिजेत. पहिली अर्थाची. गावचा लोहार दोन तुकडे भात्यावर पांढरे होईपर्यंत तापवून ऐरणीवर घणाने एकजीव करीत असे. हेही वेल्डिंगच होय. पण त्यात लोखंड वितळत नाही, मऊ होऊन दाबाने मिळते. ‘वितळजोड’ ह्या शब्दात तो जोड बसत नाही. दुसरी मर्यादा प्रयोगाची. कारखान्यात माणूस ‘वेल्डिंग मारतो’, ‘टाका मारतो’, ‘ग्राइंडर मारतो’, ‘पंच मारतो’. ‘मारणे’ हे येथे साहाय्यक स्वरूपाचे क्रियापद झाले असून नाम कोणत्याही भाषेतले असो, त्यास ते मराठी क्रियेचे रूप देते. ‘वितळजोडकाम’ हे मुळातच क्रियावाचक आणि लांब असल्यामुळे ह्या साच्यात शिरत नाही. विश्वकोशाच्या पानावर त्याने काही अडत नाही, कामावर अडते.

कारखान्याची बोली ही इंग्रजी शब्दांची खिचडी होय, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवरचा आहे. ‘रॉड’ पुल्लिंगी, ‘प्लेट’ स्त्रीलिंगी, ‘वेल्डिंग’ नपुंसकलिंगी अशी लिंगव्यवस्था कोणीही न शिकविता सिद्ध झाली आहे. ‘टॅक’चा ‘टाका’ झाला, तेव्हा शिवणकामातला टाका नकळत मदतीस आला. उच्चारही जुळला आणि अर्थही, कारण दोन्हीकडे काम पक्के करण्यापूर्वी जागा धरून ठेवण्यासाठीच टाका घालतात. शिवाय गुण्या, कानस, छिन्नी, पक्कड, पत्रा, सळई, आटे हे शब्द तेथे नांदतच आहेत.

ह्या भूमीत परिभाषेचा एक मोठा प्रयोग पूर्वीच होऊन गेला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले गेले. त्या काळातील अमात्य, सचिव, सेनापती हे शब्द आजही आपल्या परिचयाचे आहेत. परंतु तोफ, बंदूक आणि कारखाना हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत. पदाचे नाव आज्ञेने बदलता येते. हातातल्या वस्तूचे नाव ती वस्तू वापरणाराच ठरवितो, असा ह्याचा बोध आहे.

३

आता वाक्याकडे वळू, कारण खरा दोष तेथे आहे. अशा पुस्तकांत पुढील धाटणीची वाक्ये जागोजाग आढळतात : ‘इलेक्ट्रोडच्या लेपामधील आर्द्रताशोषण हे हायड्रोजनजन्य तडे निर्माण होण्यास कारणीभूत ठरू शकत असल्याने वापरपूर्व शुष्कीकरण सुनिश्चित केले जावे.’ ह्यातील प्रत्येक शब्द कोशात सापडेल. पण वाक्य मराठी नाही. कर्ता नाहीसा झाला आहे, क्रिया नामांत गोठली आहेत, आणि कारण व कार्य ह्यांचा क्रम इंग्रजी वाक्याच्या सोयीने लागला आहे.

ह्याच विषयास कोकणात तयार शब्द आहे. पावसाळ्यात पापड सादळतो, तसा रॉडही सादळतो. सादळलेला रॉड वापरला तर लेपातल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, तो तापलेल्या धातूत शिरतो, आणि जोड थंड झाल्यावर आतून तडकू शकतो. म्हणून कमी हायड्रोजनचे रॉड भट्टीत सुमारे २५० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मगच वापरावे. ‘आर्द्रताशोषण’ पाठ करणाऱ्या मुलास घरच्या डब्यातला पापड आठवत नाही. ‘सादळणे’ म्हणताच आठवतो, आणि डबा घट्ट का लावावयाचा हे निराळे सांगावे लागत नाही. खाऱ्या, दमट हवेच्या ह्या किनाऱ्यावर त्या एका शब्दाचे मोल मोठे आहे.

असे शब्द आणखीही आहेत. वितळलेल्या धातूस ओतकामात पूर्वापार ‘रस’ म्हणतात. तेव्हा ‘वेधन अपुरे’ असे म्हणण्याऐवजी ‘रस मुळाशी उतरला नाही’ असे का म्हणू नये? थंड होताना जोड आकसतो आणि पत्र्यास ओढतो, म्हणून टाके एका टोकाकडून सलग न मारता आलटून पालटून मारावे. ॲसिटिलीनच्या सिलिंडरचे आटे डावे आणि ऑक्सिजनचे उजवे असतात, ते एकाची जोडणी चुकून दुसऱ्यास बसू नये म्हणून. ह्या वाक्यांत एकही नवी संज्ञा नाही, तरी ‘का?’ ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकात आहे.

४

तात्पर्य असे की, आपण उलट्या टोकाने आरंभ केला. जी नावे मुलास कारखान्यात आपोआप मिळतात, त्यांचे भाषांतर करण्यात श्रम वेचले. आणि जे कारण कारखान्यात कोणी सांगत नाही, ते मात्र गोठलेल्या वाक्यांत तसेच राहू दिले. कारखान्याच्या बोलीतही उणीव आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. ‘असेच मार, म्हणजे झाले’ ह्यापलीकडे ती पुष्कळदा जात नाही. उस्ताद हात शिकवितो. हात तसाच का चालवावयाचा, हे पुस्तकाने शिकवावे अशी अपेक्षा असते. पुस्तक तेथे अडखळले की मुलगा हाताने कुशल होतो, परंतु जोड का फुटला हे विचारल्यावर गप्प राहतो. आणि कारण सांगता न आल्यामुळे पुष्कळ वेळा मदतनीस म्हणूनच राहतो. ह्या मौनास त्याची बुद्धी जबाबदार धरली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याची जबाबदारी आपल्या गद्यावर आहे.

म्हणून नावे कारखान्यातून घ्यावी, क्रियापदे घरातून घ्यावी, आणि परिभाषेचे परिश्रम जेथे मराठीत खरोखर शब्द नाही तेवढ्यासाठी राखून ठेवावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या कार्यशाळेत महिनाभर बसून तेथील क्रियापदांची नोंद केली, तर शब्दसंग्रह तर हाती येईलच. पण पाठ्यपुस्तकाचे वाक्य कसे असावे ह्याचाही नमुना मिळेल. हे काम कोशमंडळाचे नव्हे, आपले आहे.