वाचिक अभिनयाचे शिक्षण आणि विद्यार्थ्याची बोली

अभिनय हा उपजीविकेचा व्यवसाय म्हणून विद्यापीठात शिकविता येतो, हे गृहीतक मराठी प्रदेशात आता रूढ झाले आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले. पुढे छत्रपती संभाजीनगर, पुणे व मुंबई येथील विद्यापीठांतही नाट्यशिक्षणाचे विभाग उभे राहिले. या वर्गांतून आवाजाची मशागत होते, देहाला शिस्त लागते, संहिता वाचण्याची दृष्टी येते. या लाभांविषयी दुमत संभवत नाही. मात्र ‘शुद्ध उच्चार’ या नावाखाली वाचिक अभिनयाच्या तासाला जे शिकविले जाते, ते भाषाविज्ञानाच्या कसोटीस उतरते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र. अशा गावातून या वर्गात आलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या घरी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात ‘काय करतो आहेस’ याऐवजी ‘काय करलालास’ हे रूप सर्रास कानी पडते. जिभेच्या जडपणामुळे ‘र’ न उमटणे हा उच्चारदोष होय, आणि तो दूर करणे हे शिक्षकाचे कामच आहे. परंतु ‘ण’ आणि ‘न’ हा भेद नसणे ही त्या बोलीची वर्णव्यवस्था आहे. आणि ‘करलालो, करलालास’ ही पुरुषभेदानुसार नियमाने चालणारी रूपे आहेत. या दोन गोष्टी एकाच यादीत घालणे म्हणजे व्याकरणाला व्याधी समजणे होय.

हा घोटाळा उत्पन्न होण्यास ऐतिहासिक कारण आहे. किर्लोस्कर मंडळीने १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पुढील अर्धशतक नट कंपनीच्या बिऱ्हाडी राहून, पगार घेत, तालमीत घडत असे. प्रमाण उच्चार त्याला सहवासाने येत. १९३२ नंतर मराठी बोलपट आले, कंपन्या एकेक करून मोडल्या आणि पुढे प्रयोगागणिक ‘नाईट’ घेणारा नट आला. त्याला वर्षानुवर्षे पोसून शिकविणारा मालक उरला नाही. तालमीचा तो भार अखेर विद्यापीठाच्या वर्गावर पडला. कंपनीला जे साधावयास दशक लागे, ते दोन-तीन वर्षांत उरकावयाचे म्हटल्यावर सर्वांना एकाच साच्यात ओतणे सोयीचे वाटले, तर नवल नाही.

परंपरेचा आधार मात्र या सोयीला मिळत नाही. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त भाषाविधानाचा स्वतंत्र विचार केला असून मागधी, अवंतिजा, प्राच्या, शौरसेनी, अर्धमागधी, बाल्हीका व दाक्षिणात्या अशा सात भाषा सांगितल्या आहेत. नटाला अनेक बोली आल्या पाहिजेत, हे त्याला मान्यच होते. परंतु विदूषकास प्राच्या आणि धूर्तांस अवंतिजा ही त्याची वाटणीही विसरता येत नाही. बोलीला पात्राच्या प्रतिष्ठेशी बांधण्याची ही रीत मराठी नाटक-चित्रपटांनी निमूटपणे चालविली: नायक प्रमाणभाषेत, गडी आणि विनोदी पात्र बोलीत. ती बोली तरी कोणाची? ‘व्हय’, ‘लई’, ‘म्या’ यांची फोडणी दिलेले हे ‘गावरान’ कोणत्याही तालुक्यात बोलले जात नाही. ज्याने वर्गात आपली बोली टाकली, त्यालाच निवडचाचणीत हे बनावट गावरान बोलावे लागते, हा विपर्यास व्यवसायाच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे.

परांड्याला लागूनच सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका आहे. नागराज मंजुळे हे त्याच तालुक्यातील जेऊरचे. त्यांच्या ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांत त्या परिसराच्या बोलीने शोकात्म कथेचा संपूर्ण भार वाहिला. प्रेमही तीत झाले, अपमानही तीतच झाला. सोमनाथ अवघडे किंवा रिंकू राजगुरू यांनी अभिनयाचा वर्ग केलेला नव्हता, तरी दोघांच्याही कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. यावरून वर्ग निरुपयोगी ठरतो, असा निष्कर्ष मात्र उतावळेपणाचा होईल. एका भूमिकेत स्वतःची बोली बोलणे वेगळे, आणि त्याच कंठातून वीस वर्षे निरनिराळी माणसे उभी करणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी श्वास, नाद आणि श्रवण यांचे शिक्षण लागतेच.

तेव्हा प्रमाण उच्चार शिकवू नयेत असे कोणी म्हणणार नाही. तो अनेक वेषांपैकी एक वेष म्हणून शिकवावा, एवढेच. एकच स्वगत विद्यार्थ्याने प्रथम घरच्या बोलीत, मग प्रमाणभाषेत आणि शेवटी ध्वनिमुद्रण ऐकून आत्मसात केलेल्या तिसऱ्याच बोलीत म्हणावे. आघात कोठे सरकला, वाक्याचा शेवट कोठे उतरला, हे त्याने स्वतः नोंदवावे. यात खरी अडचण परीक्षकाची येईल. परांड्याची बोली आणि करमाळ्याची बोली यांतील अंतर ज्याच्या कानाला कळत नाही, त्याने गुण कशाच्या आधारे द्यावयाचे? नाट्यविभाग आणि भाषाविज्ञान विभाग बहुधा एकाच आवारात असतात. पण या परीक्षेस दोघांनी एकत्र बसण्याचा प्रघात अद्याप पडलेला नाही.