‘नेहमीचे कामकाज’ : एका व्याख्येचे परीक्षण

स्फोटाचा धोका असलेल्या जागांच्या वर्गीकरणाचे मूळ तत्त्व साधे आहे. ज्वलनशील द्रव्य व हवा यांचे स्फोटक मिश्रण कोठे, किती वेळा व किती काळ राहते हे ठरवावे आणि तदनुसार विजेची उपकरणे निवडावीत. भारतीय मानक ५५७२ वायू व बाष्पे यांसाठी ०, १ व २ असे विभाग करते. धुळीसाठी आयएस/आयईसी ६००७९-१०-२ हे मानक असून त्यात २०, २१ व २२ असे विभाग आहेत. धुळीचा स्फोटक लोट सतत वा दीर्घकाळ राहत असल्यास विभाग २०. नेहमीच्या कामकाजात अधूनमधून संभवत असल्यास २१. सहसा न संभवता, झालाच तर अल्पकाळ टिकत असल्यास २२. म्हणजे शेवटच्या दोन विभागांतील भेद मुख्यतः ‘नेहमीचे कामकाज’ या दोन शब्दांवर उभा आहे.

बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र बीडीएन ७११ सारख्या तुरीच्या वाणांमुळे परिचित आहे. ही तूर जेथे भरडली जाते त्या डाळगिरणीला हे शब्द लावून पाहिले असता अडचण ध्यानी येते. यंत्र आखून दिलेल्या मर्यादेत चालणे म्हणजे नेहमीचे कामकाज. यंत्र थांबवून दुरुस्ती करावी लागेल असा बिघाड त्यात धरत नाहीत. परंतु ऐन हंगामात एलिव्हेटर तुंबणे, पट्टा घसरून तापणे, झाकण उघडून अडकलेला माल मोकळा करणे या गोष्टी पुनःपुन्हा घडू शकतात. कागदावर तो बिघाड ठरतो. कामगाराच्या दृष्टीने तो नित्यक्रम असतो. अशी जागा केवळ व्याख्येच्या आधारे २२ मध्ये घातली, तर ज्या घटकेस संरक्षण हवे त्याच घटकेस ते अपुरे पडते.

येथे वायूचा दृष्टान्तही पुरत नाही. गळालेला वायू हवेशीर जागेत विरून जातो. धूळ मात्र तुळयांवर बसून राहते. पहिल्या लहान स्फोटाच्या धक्क्याने ती उधळते आणि दुसरा, मोठा स्फोट होतो. २००८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात इम्पीरियल शुगर या कारखान्यात साखरेच्या साचलेल्या धुळीमुळे असेच घडून १४ कामगार मृत्यू पावले. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३७ ने यंत्र बंदिस्त ठेवणे, धूळ साचू न देणे व ठिणगीचे कारण दूर ठेवणे हे तिन्ही उपाय एकत्र सांगितले होते, हे या संदर्भात स्मरणीय आहे.

मानकात साफसफाईच्या दर्जाचाही विचार केलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा उणीव तत्त्वात नसून ते लागू करण्याच्या रीतीत आहे. वर्गीकरण करणाऱ्याने यंत्राच्या माहितीपुस्तिकेबरोबरच गिरणीतील तुंबण्याची व सफाईची नोंदवही वाचावी. हंगामात वारंवार घडणारी गोष्ट ‘नेहमीची’च मानली पाहिजे.