वैद्यकीय भाकिताची सांख्यिकीय प्रतिमाने : उसनी आकडेवारी आणि वऱ्हाडातील रुग्ण

रुग्णाच्या उपलब्ध नोंदींवरून त्याच्या आजाराची परिणती आधीच वर्तविणे हे सांख्यिकी व मशीन लर्निंग या शाखांचे आवडते क्षेत्र होय. महाविद्यालयीन शोधनिबंधांतही हा विषय वारंवार हाताळला जातो. मधुमेहाच्या भाकितासाठी त्यांत पुष्कळदा एकच तक्ता वापरलेला आढळतो. तो अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या पिमा जमातीच्या, 21 वर्षे व त्यावरील वयाच्या 768 स्त्रियांचा आहे. पद्धती शिकण्यासाठी तो सोयीचा आहे, याबद्दल वाद नाही. मात्र त्याच्या बळावर 'ग्रामीण रुग्णांचे वेळीच निदान होईल' असा निष्कर्ष काढला जातो, तो तपासून घेणे आवश्यक ठरते.

या 768 स्त्रियांपैकी 268 जणींना मधुमेह असल्याची नोंद आहे. कोणतेही गणित न करता सर्वांना सरसकट 'नाही' म्हटले तरी 500 उत्तरे बरोबर येतात. म्हणजे 65 टक्के अचूकता फुकटच मिळते. एखादे प्रतिमान 78 टक्के अचूक असल्याचे सांगितले जाते, तेव्हा त्याची कमाई तेथून मोजावयास हवी. शिवाय 374 स्त्रियांच्या इन्सुलिनच्या रकान्यात शून्य आहे आणि 35 जणींचा रक्तदाबही शून्य आहे. जिवंत स्त्रीचा रक्तदाब शून्य कसा असेल? ती मोजमाप न झाल्याची खूण होय. ते शून्य जसेच्या तसे गणितात घेतल्यास प्रतिमान रोग शिकत नाही, नोंदीतील हयगय शिकते.

याउलट, विदर्भातच घडलेले एक उदाहरण पाहावे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतील नवजात बालकांची घरोघरी पाहणी केली आणि जंतुदोष ओळखण्याचे निकष 2005 साली प्रसिद्ध केले. दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी वा पोटफुगी, अंग गार लागणे, छाती आत ओढली जाणे, बेंबी पिकणे या सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की धोका समजावयाचा. जंतुदोषाने दगावणारे एकही बालक या निकषातून सुटले नाही. मात्र धोक्यात धरलेल्या बालकांपैकी मृत्यूचे भाकीत सुमारे 27 टक्क्यांबाबतच खरे ठरत होते. निव्वळ आकड्यांच्या चढाओढीत हा निकष मागे पडला असता. तरीही तो उपयोगी पडला, कारण गावातच प्रशिक्षित आरोग्यदूत होती आणि तिच्याजवळ प्रतिजैविकाचे इंजेक्शन होते. 1999 च्या अहवालानुसार, या गृहाधारित सेवेने तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता.

यंत्राचे भाकीतही जागा बदलली की ढासळते. अमेरिकेतील रुग्णालयांत रूढ असलेले जंतुदोषाचे एक प्रतिमान 2021 साली मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासले गेले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण त्याच्या नजरेतून सुटल्याचे दिसून आले.

मेळघाटात ही अडचण अधिक मुळाशी आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे मजुरीसाठी स्थलांतर करतात. घरी वा परमुलखात जन्मून दगावलेल्या बालकाची नोंद जर झालीच नाही, तर रुग्णालयाच्या आकडेवारीवर घडलेल्या प्रतिमानाला ते बालक कधी भेटतच नाही. म्हणून अशा निबंधाच्या परीक्षकाने अचूकतेच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : तक्त्याबाहेर कोण राहिले, आणि भाकीत हाती आल्यावर त्या घरी जाणार कोण?