साठ श्वास : आशाताईंच्या पाठ्यपुस्तकाविषयी

शाळेच्या पाठ्यपुस्तकात चूक सापडली की वर्तमानपत्रात पत्रे येतात, शिक्षक-संघटना निवेदने देतात. गावातल्या आशाताई ज्या पुस्तकांवरून शिकतात त्यांची अशी चिकित्सा मात्र क्वचितच वाचायला मिळते. वास्तविक तीही पाठ्यपुस्तकेच आहेत. ती वाचणारी बाई आठवी-दहावी शिकलेली, म्हणजे कधीतरी आपल्याच वर्गात बसलेली. फरक इतकाच, की तिचा धडा कच्चा राहिला तर गुण जात नाहीत, एखादे मूल जाते.

'आशा' योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर सुरू झाली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ती आणि पहिल्या वर्षात पाच टप्प्यांत मिळून २३ दिवसांचे प्रशिक्षण, असा आराखडा होता. त्या पहिल्या पुस्तकांबद्दल फार लिहिण्याजोगे काही नाही. लस टोचून घ्या, हात धुवा, बाळंतपण दवाखान्यात करा, हे सगळे योग्यच. पण त्यात आशाताईची भूमिका निरोप पोचवणाऱ्याची राहते. निरोप्याला निरोप कळण्याची गरज नसते.

मॉड्यूल ६ आणि ७ मात्र वेगळ्या जातीची पुस्तके आहेत. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत, वीस दिवसांत ती शिकवायची. इथे बाई बोलत नाही, मोजते. बाळाचे वजन, काखेतले तापमान, मिनिटातले श्वास. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचे. घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवशीही. कृती पायरीपायरीने आणि चित्रांसह दिल्या आहेत, भाषा बरीच सरळ आहे. आरोग्यसाक्षरता म्हणजे घोषवाक्ये पाठ असणे नव्हे, ही समज या पुस्तकांत प्रथम दिसते. म्हणूनच त्यांच्यावर टीका करणे उपयोगाचे आहे.

या पुस्तकांचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' संस्थेमार्फत तिथे काम सुरू केले. लहान मुले न्यूमोनियाने मरत होती आणि डॉक्टर दूर होता. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. पण गावच्या सुइणींना साठपर्यंत सलग मोजता येत नव्हते. मग एक साधन तयार झाले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा, वेगळ्या रंगाचा मणी सरकवावा लागला तर श्वास जलद समजायचा. या साधनाचे मला सर्वांत कौतुक वाटते ते याचे, की ते बाईला अडाणी ठरवत नाही. तिला जितके मोजता येते तिथूनच ते सुरुवात करते.

गावातच न्यूमोनिया ओळखून उपचार करण्याच्या या प्रयोगाचा निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या गावांत हे काम झाले तिथे पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते. पुढे पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. त्याचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात-मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला होता. २०११ पासून ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेण्याचे काम सुरू झाले.

देशभर गेले ते पुस्तक. गडचिरोलीत दर पंधरवड्याला एक डॉक्टर गावात येऊन काम तपासत असे. तो डॉक्टर पुस्तकाबरोबर जाऊ शकत नव्हता. त्याच्या जागी आली साखळी : राष्ट्रीय प्रशिक्षकांनी राज्याच्या प्रशिक्षकांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्याच्या आणि जिल्ह्याच्यांनी आशांना. कानगोष्टींचा खेळ आपण सर्वांनी खेळलेला आहे. या खेळात कृती टिकते, कारण ती छापलेली असते. गळते ते 'का'. आणि पुस्तकात 'का' आधीच थोडा होता.

श्वासाचेच उदाहरण पुरे आहे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असले तर ते जलद. हे तीन आकडे आशाताईला पाठ असतात. पण श्वासाची गती का मोजायची? खोकल्याचा आवाज का नाही? संसर्गाने फुप्फुसातल्या वायुकोशांत द्रव साचतो आणि फुप्फुस ताठर होते. कोरा, कडक फुगा फुगवताना गालांना किती जोर लागतो ते मुलांना ठाऊक असते. बाळाला तेवढा जोर झेपत नाही, म्हणून ते उथळ पण भरभर श्वास घेते. एवढे सांगितले की आकडा पाठ करावा लागत नाही, तो समजतो. गावात कोणी 'धाप लागली' म्हणते, कोणी 'पोट उडते' म्हणते, कुठे 'डबा झाला' म्हणतात. हे सगळे शब्द त्याच ताठर फुप्फुसाबद्दल आहेत हेही मग उमगते.

दुसरा 'का' त्याहून महत्त्वाचा. पूर्ण मिनिट का मोजायचे, अर्धे मोजून दुप्पट का नाही? घरात स्वयंपाक खोळंबलेला, बाळ चुळबुळ करते आहे, पुढची तीन घरे बाकी. अशा वेळी अर्धे मिनिट मोजून दुप्पट करण्याचा मोह कोणालाही होईल. पण नवजात बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. काही श्वास भराभर, मग काही सेकंद विश्रांती, पुन्हा भराभर. पहिल्या अर्ध्या मिनिटात ३२ श्वास भरले तर दुप्पट ६४, म्हणजे आजारी. दुसऱ्या अर्ध्यात २२ च झाले तर एकूण ५४, म्हणजे ठीक. साठ भरले तर पुन्हा एकदा मोजायचे तेही याचसाठी. 'पूर्ण मिनिट मोजावे' ही नुसती आज्ञा घाईत मोडली जाते. बाळाच्या श्वासाची ही चाल ज्या बाईने एकदा डोळ्यांनी पाहिली आहे ती आज्ञा मोडणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाला तर प्रशिक्षणात मुळीच जागा दिसत नाही : ६० च का? ५८ वाल्या बाळाला काहीच नाही आणि ६२ वाल्याला आजार, असे निसर्गात नसते. रेघ माणसांनी आखली आहे. ती खाली आणली तर पुष्कळ निरोगी बाळे दवाखान्यात धाडली जातील. वर नेली तर काही आजारी बाळे घरीच राहतील. घरी राहिलेले आजारी बाळ जास्त महाग पडते, म्हणून थोडी निरोगी बाळे जाऊ द्यायची असे ठरले. आता आशाताई एका बाळाला पाठवते. आईबाप रोजगार बुडवून, भाडे खर्चून तालुक्याला जातात आणि डॉक्टर म्हणतो, 'काही नाही, घेऊन जा.' पुढच्या वेळी त्या घरात तिचे कोण ऐकणार? चाळणीत कधी धान्यही अडकते हे तिला शिकवलेले असेल तर ती ताठ मानेने सांगू शकते, की मी चुकले नाही, मोजणीचा कामच हे आहे. आज ती गप्प बसते, आणि पुढचा आकडा लिहिताना कदाचित ६१ चे ५९ करते.

आकडा वाचायला शिकवणे आणि आकडा तपासायला शिकवणे यांतला फरक सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रभर दिसला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथके ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेली. ९५ च्या खाली म्हणजे काळजी, हे सर्वांना सांगितले होते. पण बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर यंत्र खोटे बोलू शकते, आणि पडद्यावरचा दुसरा आकडा नाडीचा असतो, हे कळल्याशिवाय हातातला आकडा कशाचा आहे ते कसे समजणार?

यावर ठरलेला आक्षेप येतो : आठवी शिकलेल्या बाईला एवढे कशाला? तिचा भार आधीच मोठा आहे, हे खरे. सगळ्या भेटी पूर्ण करून तक्ता भरला की एका बाळामागे २५० रुपये, असा दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला ठरला होता. तेव्हा तक्त्याला बाळापेक्षा महत्त्व आले तर दोष तिचा नाही. पण वर दिलेले तिन्ही 'का' मिळून एका दुपारीत शिकवून होतात. ते जड आहेत असे म्हणणाऱ्याने ते कधी शिकवून पाहिलेले नाहीत.

या दोषाचा एक वाटा शाळेकडेही येतो. श्वसनसंस्थेची आकृती आपण मुलांकडून सुबक काढून घेतो, नावे देववतो; श्वास मात्र मोजवत नाही. हे सहज करता येईल. घरातल्या झोपलेल्या तान्ह्या भावंडाचे श्वास मुलांनी आधी अर्धे मिनिट, मग पूर्ण मिनिट मोजून आणावेत. मूल रडत किंवा पीत असेल तर मोजू नये. वर्गाचे सगळे आकडे फळ्यावर वयानुसार मांडावेत आणि रेघ कुठे आखायची यावर मुलांना भांडू द्यावे. त्या तासाला गावच्या आशाताईंना बोलवावे, आणि घड्याळ त्यांच्या पिशवीतले वापरावे.