माळ कुठल्या कपाटात?

आमच्या तासगावच्या एका वाचनालयात व्यंकटेश माडगूळकर दोन कपाटांत राहतात. ‘बनगरवाडी’ आणि ‘माणदेशी माणसं’ ग्रामीण साहित्यात. ‘नागझिरा’ निसर्गाच्या कपाटात, मारुती चितमपल्लींच्या शेजारी. ग्रंथपालाची यात चूक नाही. मराठी समीक्षेनंही माडगूळकरांची वाटणी अशीच केली आहे: आधी माणदेशचा कथाकार, नंतर जंगलात रमलेला लेखक. ‘सत्तांतर’मधल्या वानरटोळ्यांना १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि या दुसऱ्या माडगूळकरांवर शिक्का बसला.

मला ही वाटणी मान्य नाही. मी ‘बनगरवाडी’ निसर्गलेखन म्हणून वाचतो, आणि त्या निकषावर ती ‘नागझिरा’पेक्षा सरस वाटते.

‘नागझिरा’ देखणं आहे. माडगूळकरांचा चित्रकाराचा डोळा तिथं पानोपानी जागा असतो. पण तिथं लेखक पाहुणा आहे. तो विदर्भातल्या रानात मुक्कामाला जातो, बघतो, टिपतो, परत येतो. पाऊस लांबला तर त्याचं काही अडत नाही. ‘बनगरवाडी’त (१९५५) तसं नाही. तरुण मास्तर माळ तुडवत धनगरांच्या वाडीत येतो तेव्हा तोही परकाच असतो, पण हळूहळू ऋतू त्याच्या अंगावर येऊ लागतात. पाऊस नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून मेंढरं जगत नाहीत, मेंढरं नाहीत म्हणून माणसं वाडी सोडतात आणि शेवटी शाळाही उरत नाही. एका दुव्यावरून दुसऱ्यावर जाणारी ही साखळी माडगूळकर कुठंही समजावून सांगत नाहीत, घडू देतात. परिसंस्था हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

तरीही ती त्या कपाटात जात नाही, कारण निसर्ग म्हणजे झाडी अशी आपली पक्की समजूत आहे. माळाला आपण ओसाड, उजाड, पडीक म्हणतो. सरकारी कागदांनीही तेच शब्द उचलले. तासगावहून जवळच असलेलं सागरेश्वर अभयारण्य (१९८५) मानवनिर्मित म्हणून आपण कौतुकानं दाखवतो. उघड्या डोंगरांवर झाडं लावली, चितळ-सांबर आणून सोडले. त्यामागचे कष्ट आणि चिकाटी खरीच, मीही शाळेच्या सहलीत तिथं हरखलो होतो. पण त्या डोंगरांवर आधी काय होतं, हा प्रश्न सहलीत कुणी विचारला नव्हता. रिकामं होतं, असंच आम्ही गृहीत धरलं.

रिकामं नसतं. मृगाच्या सरींनंतर माळावर पवना, मारवेल, कुसळी उठते. दिवाळीपर्यंत कुसळं धोतराला, हल्ली पँटला, टोचू लागतात आणि थंडीत उत्तरेकडून भोवत्या येतात, गवतावरून खालून तरंगत शिकार शोधतात, रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. मार्चनंतर सगळं करपतं, तेव्हा सरड्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवतो. २०१६ साली या पंखावाल्या सरड्यांची एक नवी प्रजाती-गटवारी शास्त्रज्ञांनी केली आणि त्या गटाला नावच दिलं ‘सरडा’. आपल्या बोलीतला, बहुधा शिवीसारखा वापरला जाणारा शब्द शास्त्रात गेला. त्यांपैकी एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावरची.

त्याच चाळकेवाडीवर पवनचक्क्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की चक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले. वाढलेले सरडे मात्र अंगानं रोडावले, त्यांचे रंग फिके पडले आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. हा निबंध वाचताना मला थेट ‘बनगरवाडी’ आठवली. एक दुवा हलतो आणि तिसऱ्याच जिवाचं वागणं बदलतं. फरक इतकाच, की शास्त्रज्ञांची साखळी सरड्यापर्यंत जाते आणि माडगूळकरांची माणसापाशी थांबते.

हीच ‘बनगरवाडी’ची मर्यादा. दुष्काळात चंडोलांचं, खोकडांचं काय झालं, हे कादंबरी विचारत नाही. तिला माणसांचं दुःख पुरतं. आणि माळ आणि जंगल असं दोन्ही जाणणाऱ्या माडगूळकरांनी जनावरांसाठी वेगळं पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा ते माळ सोडून जंगलात गेले. लेखकानं कुठं जावं हे सांगणारा मी कोण? पण ‘नागझिरा’च्या तोडीचं माळाचं पुस्तक आपल्याला मिळालं नाही, आणि त्यांच्यामागून आलेल्या बहुतेकांनी जंगलाचीच वाट धरली, हे म्हणायला हवं.

आता लिहायचं तर घाई करावी लागेल. योजनांचं पाणी आलं, सावळज-मणेराजुरीकडं माळ फोडून द्राक्षं झाली. त्यात वाईट काय? ज्यांच्या आज्यांनी कोसावरून पाणी आणलं त्यांना हे विचारण्याचा अधिकार मला नाही. माझ्याही घरात द्राक्षाचा पैसा आला आहे.

गेल्या फेब्रुवारीत संध्याकाळी एक भोवत्या दिसला. जिथं पूर्वी गवत होतं तिथल्या बेदाण्याच्या शेडवर त्यानं दोन घिरट्या घातल्या आणि खाली न उतरता पूर्वेला, जतच्या बाजूला निघून गेला.