अज्ञानाचे नियोजन : ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’

अल्पखर्ची मनोवैज्ञानिक भयपटाचे नियोजन म्हणजे साधनांची उणीव झाकणे, असा समज रूढ आहे. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या चित्रपटात मात्र नियोजन होते ते मुख्यतः ज्ञानाच्या वाटपाचे. ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवस चित्रण झाले. कथानकाचा आराखडा ठरलेला होता. संवाद कलावंतांनी उत्स्फूर्तपणे रचले. प्रत्येकाला त्याच्यापुरत्याच सूचना मिळत आणि अन्न दिवसेंदिवस कमी होत गेले. चेटकीण पडद्यावर येतच नाही. दिसतात काटक्यांच्या आकृती, दगडांचे ढीग आणि परस्परांवरील विश्वास गमावणारे तीन तरुण.

कागदपत्रांच्या जुळणीतून भय उभे करण्याची ही रीत ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीतही आढळते. तेथे रोजनिश्या आणि पत्रे एकत्र येतात तसतसे अज्ञान ओसरते, पात्रे संघटित होतात. येथे चित्रफिती वाढतात, ज्ञान वाढत नाही. कॅमेरा हाती असला की वास्तव ताब्यात येते, हा तरुण प्रेक्षकाचा विश्वासच त्यामुळे ढासळतो.

या तंत्राला नैतिक बाजूही आहे. कलावंतांची खरी नावे, भूक आणि थकवा हेच कलाकृतीचे आशयद्रव्य झाले. प्रसिद्धीत त्यांना बेपत्ता ठरवले गेले. २०२४ मध्ये तिघांनी जाहीर पत्राद्वारे न्याय्य मोबदला मागितला. अल्पखर्ची म्हणवणाऱ्या कलाकृतीचा उरलेला खर्च कोणी सोसला, हा प्रश्न समीक्षेला टाळता येणार नाही.